नोंदीतले गुन्हे आणि मनातली भीती

पोलिसांचे आकडे आणि नागरिकांची धास्ती यांचा मेळ उपनगरांच्या स्टेशन परिसरात कधीच बसत नाही. एकाला खोटे ठरवून दुसऱ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा हे दोन्ही आकडे नेमके काय मोजतात, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

दरवर्षी जानेवारी उजाडला की पोलीस आयुक्तालयांचे वार्षिक ताळेबंद वृत्तपत्रांतून झळकू लागतात. खून इतके, घरफोड्या इतक्या, सोनसाखळी चोऱ्या इतक्या. गतवर्षीच्या तुलनेत इतकी घट किंवा वाढ, आणि उघडकीस आलेल्या गुन्ह्यांची टक्केवारी अमुक. घट असेल तर ती बंदोबस्ताचे यश म्हणून सांगितली जाते, वाढ असेल तर तिची कारणे सांगितली जातात. त्याच दिवशी रात्री साडेनऊच्या सुमारास डोंबिवली स्थानकाच्या पुलावरून पूर्वेला उतरणारी नोकरदार महिला मात्र गळ्यातली साखळी ओढणीखाली सरकवते, मोबाइल पर्समध्ये तळाशी टाकते आणि रिक्षाची रांग लांब असली तरी मधल्या अंधाऱ्या गल्लीतून चालत जायचे टाळते. तिने पोलिसांचे आकडे वाचलेले नसतात असे नाही. वाचूनही तिच्या वागण्यात फरक पडत नाही.

या विसंगतीचा अर्थ लावताना सहसा दोनच पर्याय पुढे केले जातात. पोलिसांच्या मते लोकांच्या मनातली भीती अतिरंजित असते. वृत्तवाहिन्या आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी ती फुगवलेली असते. लोकांच्या मते पोलिसांचे आकडेच बनावट असतात. दोन्ही समजुतींत थोडे तथ्य आहे, पण दोन्ही अपुऱ्या आहेत. पोलिसांचा आकडा गुन्ह्यांची नव्हे, तर गुन्ह्यांच्या नोंदीची मोजदाद करतो. लोकांची भीतीसुद्धा केवळ गुन्ह्यांची मोजदाद करीत नाही. परिसराचा कारभार कोणाच्या हातात आहे आणि वेळ आली तर आपले कोणी ऐकून घेईल का, याचाही हिशेब तिच्यात असतो. दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजणारी मापे एकच उत्तर देतील ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

शहर आहे, पण तक्त्यात नाही

मुंबईच्या उपनगरांना पाश्चात्त्य शहरांसारखा आखीव मध्यवर्ती भाग नाही. ठाणे असो, कल्याण असो की डोंबिवली, रेल्वे स्थानक आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे अर्धा-एक किलोमीटरचे रस्ते हाच या शहरांचा मध्य. बाजारपेठ, बँका, दवाखाने, शिकवणी वर्ग, सराफांच्या पेढ्या, रिक्षातळ, बस थांबे, फेरीवाले, सारे तिथेच एकवटलेले. डोंबिवलीकर दिवसातून किमान दोनदा या परिसरातून जातो. गुढीपाडव्याची शोभायात्रा आणि दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर जमणारी तरुणाई यांमुळे ज्या परिसराला शहराचे सांस्कृतिक अंगण मानले जाते, तोच परिसर रात्री अकरानंतर अनेकांना नकोसा वाटतो.

मात्र या परिसरात नेमके किती गुन्हे घडतात, हे सामान्य वाचकाने शोधायचे ठरवले तर त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, देशभरातील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करतो. त्यात महानगरांसाठी स्वतंत्र तक्ते असतात. पण २०११ च्या जनगणनेनुसार ज्यांची लोकसंख्या २० लाखांहून अधिक आहे अशा १९ शहरांनाच त्यांत स्थान आहे. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि नागपूर ही तीनच शहरे त्यांत येतात. त्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख होती. दोन्ही शहरे तक्त्याबाहेर राहतात. त्यांचे गुन्हे ठाणे पोलीस आयुक्तालय या एकाच ओळीत भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यासह बेरजेत विरघळून जातात.

दुसरी अडचण हद्दींची. डोंबिवलीत पूर्वेला रामनगर, टिळकनगर आणि मानपाडा, पश्चिमेला विष्णुनगर अशी पोलीस ठाणी आहेत. स्थानकाच्या आत लोहमार्ग पोलिसांचे स्वतंत्र ठाणे आहे आणि ते ठाण्याच्या नव्हे, तर मुंबई लोहमार्ग पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत येते. रेल्वे सुरक्षा दल हे आणखी वेगळे, केंद्राचे. मोबाइल फलाटावर चोरीला गेला तर तो एका आयुक्तालयाच्या खात्यात पडतो, जिना उतरून रिक्षाच्या रांगेत गेला तर दुसऱ्याच्या. प्रवाशाच्या दृष्टीने ते अंतर पन्नास पावलांचे असते आणि अनुभव एकच असतो: ‘स्टेशनवर मोबाइल गेला’. सरकारी दप्तरात मात्र ‘डोंबिवली स्टेशन परिसर’ नावाची जागाच अस्तित्वात नाही. ज्या जागेची भीती सर्वांत जास्त, तिचाच एकत्रित आकडा उपलब्ध नाही.

गुन्ह्यांचा दर काढण्याच्या पद्धतीतही असाच दोष आहे. दर एक लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे, असा हा दर काढतात. ही लोकसंख्या म्हणजे त्या हद्दीतले रहिवासी. २०२१ ची जनगणना न झाल्याने त्यासाठीही २०११ च्या आकड्यांवरून अंदाजलेली संख्या वापरावी लागली. स्टेशन परिसरात मात्र राहणारे थोडे आणि येणारे-जाणारे लाखो. रहिवाशांच्या संख्येने भागले तर परिसर भयंकर धोकादायक ठरतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या संख्येने भागले तर एका माणसाला एका दिवशी असलेला धोका नगण्य ठरतो. दोन्ही गणिते बरोबर आहेत. लोकांना मात्र यांपैकी कोणतेच सांगितले जात नाही.

चोरीपासून नोंदीपर्यंत

एखादी चोरी आकड्यात येण्यापूर्वी तिला बराच प्रवास करावा लागतो. चोरी झाल्याचे लक्षात यायला हवे, त्या व्यक्तीला तक्रार करावीशी वाटायला हवी, तिला पोलीस ठाण्यात जाण्याइतका वेळ हवा, तिथे तिचे ऐकले जायला हवे आणि शेवटी प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, नोंदवली जायला हवी. यांपैकी प्रत्येक टप्प्यावर गळती होते.

मोबाइलचेच उदाहरण घ्यावे. सकाळच्या गर्दीत खिशातून मोबाइल जातो. लोकल पुढे निघालेली असते, कामावर पोहोचायचे असते. सायंकाळी परतल्यावर तक्रार द्यायला गेलेल्याला ‘चोरी होताना पाहिली का?’ असे विचारले जाते. पाहिलेली नसते, कारण खिसेकापूचे कसबच त्यात असते. मग ‘गहाळ’ असा दाखला मिळतो. तक्रारदारालाही बहुधा तेवढेच पुरेसे वाटते, कारण नवे सिमकार्ड घेण्यासाठी आणि हरवलेला हँडसेट दूरसंचार खात्याच्या यंत्रणेतून बंद करवून घेण्यासाठी त्याला पोलिसांचा कागद हवा असतो. तो कागद घेऊन तो घरी जातो. त्याच्या लेखी चोरी झालेली असते. गुन्ह्यांच्या आकड्यात ती कधीच येत नाही.

कायद्याने पोलिसांना दखलपात्र गुन्ह्याची नोंद टाळण्याची मुभा दिलेली नाही. ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले की, तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवण्याची आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातून खबर देण्याची तरतूद केली. अशा खबरीवर तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. कागदावर हे मोठे पाऊल आहे.

त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने मात्र आकड्यांची तुलना अधिक अवघड करून ठेवली. पूर्वीच्या दंडसंहितेत साखळी वा मोबाइल हिसकावून नेण्यासाठी वेगळे कलम नव्हते. तो गुन्हा कधी चोरी म्हणून, तर कधी जबरी चोरी म्हणून नोंदला जाई. नव्या संहितेत त्यासाठी ३०४ हे स्वतंत्र कलम आले. हा बदल स्वागतार्ह आहे. पण त्यामुळे २०२४ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच तराजूत घालता येत नाहीत. याउलट, प्रथमच गुन्हा करणाऱ्याने केलेली पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी आता अदखलपात्र आहे. चोरलेला ऐवज परत केल्यास त्याला समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. हेतू चांगला आहे. पण चोर सापडण्यापूर्वीच तो प्रथमच चोरी करतो आहे की सराईत आहे, हे ठाण्यातला अंमलदार कसे ठरवणार? सातशे रुपये, रेल्वेचा पास आणि घराची किल्ली असलेली पर्स गेली, तर ती अदखलपात्र नोंदवहीत जाणार आणि एफआयआरच्या आकड्यांतून बाहेर राहणार, अशीच शक्यता अधिक. पर्स गमावलेल्या महिलेच्या मनातून ती घटना इतक्या सहज बाहेर जात नाही.

याशिवाय एनसीआरबीच्या मोजणीचा एक नियम सर्वसामान्यांना ठाऊक नसतो. एकाच एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. लुटीच्या वेळी खून झाला तर खून मोजला जातो, लूट नाही. मोजणीच्या सोयीसाठी हा नियम समजण्यासारखा आहे, पण त्यामुळे कमी गंभीर गुन्हे नेहमीच प्रत्यक्षाहून कमी दिसतात.

वाढलेला आकडा नेहमीच वाईट नसतो

आकडा खाली आला की पोलीस यशस्वी आणि वर गेला की अपयशी, हे समीकरण आपल्याकडे इतके रुजले आहे की, त्याचे दुष्परिणाम कोणी पाहत नाही. खुद्द एनसीआरबी आपल्या अहवालात बजावते की, गुन्ह्यांत वाढ होणे आणि गुन्ह्यांच्या नोंदणीत वाढ होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या इशाऱ्याकडे राजकीय पक्षही लक्ष देत नाहीत आणि माध्यमेही.

दिल्लीचे उदाहरण बोलके आहे. तिथे २०१३ मध्ये दंडसंहितेखालील सुमारे ८० हजार गुन्हे नोंदले गेले. २०१४ मध्ये हीच संख्या दीड लाखावर गेली आणि २०१५ मध्ये त्यात आणखी भर पडली. राजधानीतील माणसे वर्षभरात दुपटीने गुन्हेगार झाली असे मानण्याचे कारण नाही. तक्रारी नोंदवून घेण्याचे धोरण सैल झाले आणि पुढे वाहनचोरीसारख्या गुन्ह्यांची नोंद घरबसल्या करता येऊ लागली. आधी दडलेले गुन्हे दिसू लागले, इतकेच. मुंबईच्या लोहमार्ग पोलिसांच्या बाबतीतही २०१७ च्या सुमारास असेच घडले. ‘गहाळ’ म्हणून नोंद होणारे मोबाइल चोरीच्या गुन्ह्यांत दाखल होऊ लागताच लोकलमधील मोबाइल चोऱ्यांचा आकडा कित्येक पटींनी वाढला. प्रवाशांना त्याचे आश्चर्य वाटले नाही. रुळांलगत उभे राहून दारातल्या प्रवाशाच्या हातावर फटका मारणाऱ्या टोळ्या त्यांना आकड्यांच्या आधीपासून ठाऊक होत्या.

याच्या नेमके उलट उदाहरण २०२० सालाचे. टाळेबंदीत रस्ते ओस पडले होते, लोकल सामान्यांसाठी बंद होत्या, चोऱ्या आणि घरफोड्या कमी झाल्या होत्या. तरीही देशातील एकूण नोंदलेले गुन्हे २०१९ मधील ५१ लाख ५६ हजारांवरून ६६ लाखांवर गेले. या वाढीचा मोठा वाटा सरकारी आदेशाच्या अवज्ञेच्या, म्हणजे कलम १८८ च्या, गुन्ह्यांचा होता. ते २९,४६९ वरून ६,१२,१७९ पर्यंत पोहोचले. ज्या वर्षी रस्ता सर्वांत निर्धोक होता, त्याच वर्षी गुन्ह्यांचा आकडा मोठ्या प्रमाणात वाढला. त्यानंतर २०२२ मध्ये ५८ लाख २५ हजार आणि २०२३ मध्ये ६२ लाख ४२ हजार गुन्हे नोंदले गेले. या एकूण बेरजेवरून स्वतःच्या गल्लीविषयी निष्कर्ष काढणाऱ्याची फसगत ठरलेली.

सायबर फसवणुकीने या गोंधळात आणखी भर घातली आहे. घरात बसून दूरध्वनीवर फसलेला ज्येष्ठ नागरिक १९३० या क्रमांकावर तक्रार करतो किंवा जवळच्या ठाण्यात जातो. गुन्हेगार शेकडो मैलांवर असतो, पण गुन्हा त्या ठाण्याच्या खात्यात पडतो. रस्त्यावरची चोरी कमी होऊनही ठाण्याचा एकूण आकडा वाढू शकतो, आणि रस्त्यावरची चोरी वाढूनही इतर घटकांमुळे तो घटू शकतो.

ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकाचे मोल याच आकड्यांवर ठरत असेल, तर त्याने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे? उघडकीस आलेल्या गुन्ह्यांची टक्केवारी काढताना भागिले नोंदलेले गुन्हे असतात. गर्दीत गेलेला मोबाइल सापडण्याची शक्यता कमी. त्याची नोंद घेतली की एकूण संख्या वाढते आणि टक्केवारी घसरते. नोंद टाळली की दोन्ही बाजूंनी चित्र सुधारते. यात एखाद्या अधिकाऱ्याच्या अप्रामाणिकपणाहून व्यवस्थेने दिलेले प्रलोभन अधिक मोठे आहे. वाढलेल्या आकड्याला नामुष्की मानले जाते तोवर हे प्रलोभन कायम राहणार.

भीतीचेही एक गणित असते

तर मग लोकांच्या भीतीवरच विसंबावे काय? तेही धोक्याचे आहे. अमेरिकेत १९९३ ते २०२२ या काळात हिंसक गुन्ह्यांचा दर केंद्रीय तपास संस्थेच्या आकड्यांनुसार जवळजवळ निम्म्यावर आला. पोलिसांकडे न गेलेल्या घटनाही मोजणारे तिथले घरोघरचे सर्वेक्षणही मोठीच घट दाखवते. तरीही त्या काळातील गॅलप या संस्थेच्या जवळपास प्रत्येक जनमत चाचणीत बहुसंख्य अमेरिकनांनी ‘देशात गुन्हे गेल्या वर्षीपेक्षा वाढले’ असेच सांगितले. देशाविषयीचे मत बातम्यांवरून बनते, स्वतःच्या गल्लीविषयीचे मत बऱ्याच अंशी अनुभवावरून. म्हणूनच ‘देशात वाढले’ म्हणणाऱ्यांच्या तुलनेत ‘आमच्या भागात वाढले’ म्हणणारे तिथे कमी असतात.

स्टेशन परिसरातील भीतीला मात्र असा प्रत्यक्ष अनुभवाचा आधार असतो, आणि तो केवळ गुन्ह्यांचा नसतो. बंद पडलेला दिवा, पदपथावरून रस्त्यावर उतरावे लागणे, पुलाच्या कोपऱ्यात पडलेले गर्दुल्ले, मीटर नाकारून वर अरेरावी करणारा रिक्षाचालक, कोणाच्याही डोळ्यांदेखत चालणारी दादागिरी. यांतील बरेचसे प्रकार गुन्ह्यांच्या तक्त्यात कधीच येत नाहीत. परंतु इथे कोणाचा धाक नाही, हा संदेश त्यांतून मिळतो. अमेरिकेतील जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी १९८२ मध्ये मांडलेला ‘फुटक्या खिडक्यां’चा सिद्धांत याच निरीक्षणावर उभा होता. त्या सिद्धांतावरून पुढे आलेल्या कठोर बंदोबस्ताच्या धोरणांवर बरीच टीका झाली आणि ती रास्त होती. तथापि, बेशिस्त दिसते तिथे माणसे घाबरतात, हे मूळ निरीक्षण कोणी फारसे नाकारले नाही.

स्त्रियांच्या भीतीकडे याच दृष्टीने पाहावे लागते. रस्त्यावरील हिंसेच्या नोंदीत तरुण पुरुषच अधिक बळी ठरतात आणि भीती मात्र स्त्रियांना अधिक वाटते, असे जगभरातील अभ्यासांत दिसून आले आहे. यावरून स्त्रियांची भीती अवाजवी ठरवण्याची घाई पूर्वी झाली. प्रत्यक्षात धक्के, शेरे, पाठलाग, अश्लील हावभाव हे त्यांच्या रोजच्या वाट्याला येणारे प्रकार तक्रारीपर्यंत पोहोचतच नाहीत. शिवाय ज्या स्त्रिया अंधारी वाट टाळतात, उशिराची गाडी सोडून देतात, प्रसंगी उशिरापर्यंत थांबावे लागणारी नोकरीही नाकारतात, त्यांच्या बाबतीत गुन्हा घडत नाही. पण त्याची किंमत त्यांनीच मोजलेली असते. घडला नाही तो गुन्हा आकड्यात सुरक्षितता म्हणून दिसतो.

डिसेंबर २०१२ मध्ये डोंबिवलीत छेडछाडीला विरोध करणाऱ्या १९ वर्षांच्या तरुणाचा खून झाला. आकडेवारीच्या भाषेत ती एक नोंद. शहराच्या स्मरणात मात्र तिचा अर्थ निराळा आहे: मध्ये पडणाऱ्याचे काय होते, हे त्या घटनेने अनेकांना शिकवले. एकाच घटनेने हजारो माणसांचे वागणे बदलू शकते आणि हा परिणाम कोणत्याही वार्षिक ताळेबंदात दिसत नाही.

भीतीचे हे गणित समजून घेताना तिची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. भीतीला तोंड हवे असते आणि ते बहुधा दुबळ्यांचे दिले जाते. परप्रांतीय, झोपडपट्टीत राहणारे, फेरीवाले हे सोपे संशयित ठरतात. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या स्थानकांबाहेर फेरीवाल्यांविरुद्ध आंदोलने झाली आणि उच्च न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. चालायला मोकळी जागा मिळणे हा प्रवाशांचा हक्कच आहे. पण गर्दीचा प्रश्न आणि गुन्ह्यांचा प्रश्न हे एकच नव्हेत. रात्री दहा वाजता भाजीची शेवटची गाडी आणि वडापावचे दुकान उघडे असते तोवर रस्त्यावर चार डोळे असतात. तेही बंद झाले की तोच रस्ता अधिक धोक्याचा वाटू लागतो. अमेरिकी लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये हेच सांगितले होते. भीतीच्या मागणीवरून केलेली प्रत्येक कारवाई भीती कमी करतेच असे नाही.

प्रश्न विश्वासाचा

या साऱ्या चर्चेच्या मुळाशी असलेला प्रश्न ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात रुळांवर उतरला. शाळेतील दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराच्या प्रकरणात तक्रार देण्यासाठी गेलेल्या पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी अनेक तास ताटकळावे लागले. २० ऑगस्ट रोजी संतप्त जमावाने बदलापूर स्थानकात रेल्वे वाहतूक तासन् तास रोखून धरली. दिरंगाईबद्दल तिघा पोलिसांना निलंबित करण्यात आले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरणाची दखल घेतली. लोकांचा क्षोभ गुन्ह्याइतकाच त्या विलंबावरही होता. त्या दिवशी ठाणे आयुक्तालयातील गुन्हे मागील वर्षापेक्षा घटले आहेत असे कोणी सांगितले असते, तर त्याचा काय उपयोग झाला असता? ज्या दारात तक्रार अडते, त्याच दारातून बाहेर आलेल्या आकड्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

म्हणून आकडे आणि भीती यांतील दरी बुजवण्याचा मार्ग प्रसिद्धीपत्रकांतून जात नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८२ पासून घरोघरी जाऊन विचारणा केली जाते: गेल्या वर्षभरात तुमच्या बाबतीत कोणता गुन्हा घडला आणि तो पोलिसांना कळवला का? तिथेही पोलिसांच्या नोंदी निर्दोष नव्हत्या. २०१४ मध्ये त्यांच्या नोंदींना अधिकृत राष्ट्रीय आकडेवारीचा दर्जा काढून घेण्यात आला. त्याच वर्षी पोलीस निरीक्षणालयाने तपासणी करून सांगितले की, पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के नोंदलेच जात नाहीत. पण शेजारी स्वतंत्र सर्वेक्षण असल्याने खरी वाढ कोणती आणि नोंदीतली वाढ कोणती, हे तिथे सांगता येते. आपल्याकडे असे प्रयत्न तुरळक झाले. आयडीएफसी इन्स्टिट्यूटने दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि बेंगळुरू या चार शहरांत २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणातून दिसले की, घडलेल्या चोऱ्यांपैकी अल्पसा भागच एफआयआरपर्यंत पोहोचतो. त्यात उपनगरे नव्हती. आणि एकदा झालेले सर्वेक्षण हे छायाचित्र असते. वाढ-घट कळायला ते दरवर्षी व्हावे लागते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीसारख्या शहरांत यासाठी फार मोठी यंत्रणा लागणार नाही. स्टेशनपासून एक किलोमीटरचा परिसर हा एक घटक मानून शहर पोलीस आणि लोहमार्ग पोलीस यांनी आपल्या नोंदी दरमहा एकत्र प्रसिद्ध केल्या, तर पन्नास पावलांची हद्द आकड्यांतून पुसली जाईल. त्यात एफआयआर, अदखलपात्र नोंदी आणि ‘गहाळ’ दाखले असे तीन स्तंभ वेगळे दाखवले, तर किती चोऱ्या कोणत्या वहीत जातात हे उघड होईल. घटना कोणत्या जागी आणि किती वाजता घडली, हे तक्रारदाराची ओळख न उघड करता देता येते; त्यावरून गस्त कुठे हवी आणि दिवा कुठे हवा, हे महापालिकेलाही कळेल. महाविद्यालयांच्या समाजशास्त्र विभागांच्या मदतीने वर्षातून एकदा प्रवाशांचे आणि रहिवाशांचे सर्वेक्षण करणे तर सहज शक्य आहे. त्यात दोनच प्रश्न असले तरी चालतील: तुमच्या बाबतीत काय घडले, आणि रात्री किती वाजल्यानंतर तुम्ही इथून एकट्याने जायचे टाळता?

यातून पहिल्या दोन-तीन वर्षांत आकडे वाढतील, हे निश्चित. ती वाढ पचवण्याची तयारी गृहखात्याने, लोकप्रतिनिधींनी आणि वृत्तपत्रांनीही ठेवायला हवी. सर्वेक्षणातील गुन्हे आणि नोंदलेले गुन्हे यांतील अंतर ज्या ठाण्यात घटेल, त्या ठाण्याचे कौतुक व्हायला हवे. मग तिथला एकूण आकडा वर का गेलेला असेना. तक्रार घेतली म्हणून अधिकाऱ्याला शाबासकी मिळू लागली, तरच ठाण्याच्या पायरीवरचा ‘चोरी होताना पाहिली का?’ हा प्रश्न बंद होईल.

रात्री साडेनऊला पुलावरून उतरणाऱ्या महिलेला आपला परिसर सुरक्षित आहे असे आयुक्तांनी सांगून पटणार नाही. गेल्या महिन्यात तिची पर्स गेली तेव्हा तिची तक्रार दहा मिनिटांत नोंदवून घेतली गेली असेल, त्या गल्लीतला दिवा लागला असेल आणि पुढच्या महिन्याच्या तक्त्यात तिची घटना तिला दिसली असेल, तर कदाचित ती आकड्यांवर विश्वास ठेवील. साखळी ती तरीही ओढणीखाली सरकवील. पण त्या अंधाऱ्या गल्लीतून चालत घरी जायचे की नाही, हे ठरवताना तिच्याकडे निदान खरी माहिती असेल.